ड्रायव्हर उतरत नाही

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लावूनच देवाने खाली सोडली. नोकरीही तशीच मिळाली. धुळे डेपोत एसटीची कंडक्टर, अठरा वर्षं झाली. बस रिकामी असली तरी मी सीटवर टेकत नाही, पुढून मागे, मागून पुढे. स्टँडवर गाडी मागे घ्यायची वेळ आली की ड्रायव्हर आपल्या जागी बसून राहतो आणि मी खाली उतरून शिट्टी वाजवते. हे मला नवीन नव्हतं. माझं सगळं लहानपण असंच खाली उतरण्यात गेलं आहे, आणि त्याचा राग माझ्या नाकावर आजही असतो.

राग नानांवर. नाना म्हणजे माझे वडील, लोटन पाटील. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. नानांकडे एक जुनी फोर व्हील जीप होती, म्हणजे अजून आहे. डोंगरातल्या पाड्यांवरचे हातपंप दुरुस्त करणारं पथक ती भाड्याने लावायचं. मागे पाईप, साखळ्या, त्यांच्या गराड्यात अडकून बसलेले दोन मेकॅनिक, पुढे नाना आणि त्यांच्या शेजारी सुट्टीच्या दिवशी मी. नऊ वर्षांची होते तेव्हापासून लग्न होईपर्यंत.

ह्या जुन्या जीपची एक खोड असते. चारही चाकांना ताकद पाहिजे तर आत नुसता लिव्हर ओढून भागत नाही. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीएवढं झाकण असतं, त्याला हब म्हणतात. खाली उतरून ते हाताने फिरवायचं, टक् असा आवाज येईपर्यंत. तो आवाज आला नाही तर पुढची चाकं नुसती शोभेची. सडकेवर हब सोडून ठेवायचे, चढाला लागलं की लावायचे. चढ आला की नाना म्हणायचे, "उतर व, हब लाव." मी उतरायची; मी नसेन त्या दिवशी पुढे बसलेला मेकॅनिक. चिखल असो, ऊन असो, हात ग्रीसने काळे व्हायचे, घरी गेल्यावर आई भाकरीला हात लावू द्यायची नाही. काम झालं की बॉनेटवर दोन थापा मारायच्या, ही आमची खूण. आणि नाना? नाना स्टेअरिंगमागे राजासारखे बसलेले, पुढे बघत. एकदा मी वैतागून म्हटलं, एखाद्या वेळी तुम्ही उतरा की. तर म्हणाले, "डायवर उतरत नही."

माझा भाऊ ललित, त्याला जीपमध्ये बसलं की उलट्या व्हायच्या. तो घरीच असायचा. पण सोळा वर्षांचा झाला तसं नानांनी त्यालाच मैदानात नेऊन गाडी शिकवली. उलट्या करणाऱ्याला स्टेअरिंग आणि बारा वर्षं हब लावणारीला ग्रीस! मी गाडी शिकले अडतिसाव्या वर्षी, धुळ्यात, स्वतःच्या पगारातून क्लास लावून. ललित आता पुण्यात आहे. त्याच्या गाडीला गिअरसुद्धा बदलावा लागत नाही.

मागच्या महिन्यात गावी गेले तर नाना सहज म्हणाले, "कौतिकले सांगी दिन्हं. रईवारले येई तो, गाडी लेवाले."

कौतिक माझा चुलतभाऊ. जळगावात त्याचा जीपवाल्यांचा ग्रुप आहे. रविवारी डोंगरात जातात, गाड्या मुद्दाम चिखलात घालतात, मग एकमेकांच्या गाड्या ओढून काढतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. वाईट पोरगा नाही, पण नानांची जीप त्याने नेऊन तिला ट्रॅक्टरएवढी चाकं लावावीत हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आन मी?" मी विचारलं.

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची ओट्यावरची बसायची जागाच मागितली. "तू काय करशी?"

"चालाडसू."

"सडकवर कोनीबी चालाडस. म्हसोबाना चढ तुले जमनार नही."

म्हसोबाचा चढ म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात वाईट चढ. वरच्या पाड्याला जाणारी वाट, अर्धी दगडांची, अर्धी मुरमाची, मध्ये एक वळण आणि वळणाखाली सरळ नाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी चढाई दिन्ही तं?"

"तं गाडी तुनी."

"आन नही चढनी तं मीच किल्ली देसू कौतिकले."

म्हणून शनिवारी सकाळी आम्ही निघालो. नाना चौऱ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही गुडघे गेलेले. जीपमध्ये डाव्या बाजूला चढताना त्यांनी आधी वरचा दांडा पकडला, मग सीट, मग परत दांडा. त्या बाजूने ते आयुष्यात पहिल्यांदा चढत होते. बसल्यावर त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर जाऊन टेकला. मला हसू आलं, पण मी हसले नाही.

केळीच्या बागा संपल्या, सडक संपली, पळस सुरू झाला. सगळा डोंगर लाल. मला मात्र काहीच बघवत नव्हतं. स्टेअरिंगवर बोटं वाजवत होते, उगाच हॉर्न देत होते. नाना दर वळणाला म्हणायचे, हळू. मी म्हणायची, हळूच आहे. वाटेत एका पावरा आदिवासीच्या झोपडीपाशी त्यांनी पाणी मागितलं, आणि गाडी थांबल्याबरोबर मी खाली उतरून तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. कशासाठी, ते मला विचारू नका.

चढ आला. मी गाडी न थांबवताच वेग कमी केला, झोकात लिव्हर ओढला, लो गिअर टाकला आणि नानांकडे पाहिलं. नानाही माझ्याकडे पाहत होते, काहीतरी व्हायची वाट बघितल्यासारखे. मला वाटलं, माझं कौतुक वाटतंय. मी ॲक्सिलरेटर दाबला.

गाडी पंधरा-वीस फूट चढली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मुरूम मागे उडाला. मी खाली घेतली, परत वेग धरून चढवली. परत तेच. "टायर गुळगुळीत झाले नाना," मी म्हटलं. "आणि वाट पण पावसाने धुऊन नेली आहे." नाचता येईना अंगण वाकडं. नानांनी नुसतं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं, आणि मला त्याचा आणखी राग आला.

तिसऱ्यांदा मी दात-ओठ खाऊन गाडी घातली. ह्या वेळी वळणापर्यंत गेलो. तिथे ती खरोखरच अडली, थरथरली आणि मागे सरकायला लागली. मी सगळा भार ब्रेकवर दिला. गाडी थांबली. आरशात पाहिलं तर मागे वाट दिसत नव्हती, नाल्यातल्या पळसाचा शेंडा दिसत होता.

मी हँडब्रेक ओढला. त्या हँडब्रेकवर बकरी बांधू नये, असं नाना पूर्वीपासून म्हणायचे. मी पाय जरा सैल केला तर गाडी वीतभर मागे गेली. परत पाय दाबला. आणि तशी दाबून बसलेली असतानाच माझं लक्ष खिडकीतून पुढच्या चाकावर गेलं. झाकणाचा बाण 'मोकळा'वर होता.

"नाना! हब!"

नानांनी कपाळावर हात मारला. "आरे देवा! हब लावा नही का तू?"

"मी कसाले? मी तं डायवर!"

"आन मी तुनी वाट दखत व्हतू," नाना म्हणाले. "म्हंतं, आते उतरी, मंग उतरी."

बघा आमची गंमत. आयुष्यभरात ह्या माणसाने चढाखाली हब लावला नव्हता, कारण ते त्यांचं काम नव्हतं. मी तो शेकडो वेळा लावला होता, पण शेजारच्या सीटवरून उतरून. आज मी जागा बदलली आणि काम दोघांच्या मधे राहून गेलं. इतर वेळी आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो.

मी दार उघडायला हात नेला. पाय ब्रेकवर ठेवून उतरता येत नाही, हे हात दाराला लागल्यावर कळलं. तेवढ्यात डावीकडचं दार उघडल्याचा आवाज आला.

"नाना, तुम्ही उतरू नका. तुमना गुडघा..."

"तू बठी ऱ्हाय," नाना म्हणाले. "डायवर उतरत नही."

ते दांडा धरून, एक पाय, मग दुसरा, असे खाली गेले. मुरमावर घसरले, सीटला धरून सावरले. आधी गाडीमागे गेले. मला आरशात त्यांचं फक्त उपरणं दिसत होतं. दगड शोधत होते. एक दगड मागच्या चाकाला लावला, तो लहान होता. दुसरा लावला. मग पुढे आले आणि डाव्या चाकापाशी बसले, आणि मला दिसेनासे झाले.

"पाय हालाडू नको," खालून आवाज आला.

मी पाय हलवत नव्हते. मी, जिला रिकाम्या बसमध्ये बसवत नाही, ती दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून दगडासारखी बसले होते. माझा पाय सुटला तर गाडी मागे जाईल, आणि चाकाला हात घालून बसलेला माणूस त्या चाकासोबत जाईल. मागचे दोन दगड किती धरतील, कोण जाणे. पोटरी आधी ताठली, मग थरथरायला लागली. नाकावरून घाम ओठावर आला, पुसायला हात सोडवेना. टक् आवाज येत नव्हता. वर्षानुवर्षं कोणी फिरवला नव्हता तो हब, गंजला असणार. नाना कण्हत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडताना पाय हलला तर? म्हणून मी ओरडलेही नाही.

आणि तेव्हा मला ते कळलं. नऊ वर्षांची मी, चिखलात उकिडवी, अंगाएवढ्या चाकाला चिकटलेली, वर बघून मनात नानांना शिव्या देतेय की हा माणूस किती आरामात बसलाय. आणि हा माणूस पुढे बघत नव्हताच. हा माणूस ब्रेकवर होता. ज्या गाडीच्या हँडब्रेकवर बकरी बांधू नये, त्या गाडीखाली त्याची पोर होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेसुद्धा पुसता आलं नाही.

टक्.

नाना बॉनेटला धरत धरत माझ्या बाजूला आले. मला त्यांची पांढरी टोपी दिसली, मग ते पुन्हा खाली गेले. हा दुसरा हब लवकर लागला. मग त्यांचा काळा झालेला हात बॉनेटवर आला. थाप, थाप.

ते बाजूला सरकून, पळसाला धरून उभे राहिले. मी क्लच सोडला. पुढच्या चाकांनी दगड धरला, हे मला स्टेअरिंगमध्ये कळलं, आणि जीप कुरकुरत, न घसरता, वळण घेऊन वर गेली. वर पठार आहे. गाडी सपाटीवर लावली, इंजिन बंद केलं, मग उतरले. मी गाडीच्या पायरीवर बसले. बराच वेळ बसले.

नाना पायी चढून आले. थांबत, श्वास घेत, हातात कुठलीशी काठी. मी धावत खाली जाऊन त्यांना हात दिला, तो त्यांनी आधी नाकारला आणि मग घेतला. झाडाखाली बसून ते बाटलीतलं पाणी प्यायले. हात त्यांनी धोतराला पुसले, धोतर काळं झालं.

मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. "मी हारनी नाना. हब लावाना इसरनी."

त्यांनी किल्लीकडे बघितलंही नाही. "डायवर हब लावत नही," ते म्हणाले. "तुनाकडेच ठेव. कौतिकले मी सांगस."

मग आम्ही कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा खाल्ला. खाली आमचं गाव दिसत होतं, केळी, तापीची रेघ. मला उठून फिरावंसं वाटत होतं, पण पोटरी अजून उडत होती. मी ती हाताने दाबून धरली होती. नानांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

"नाना," मी विचारलं, "तव्हय तुमना पाय बी असाच थरथरे का?"

"दर येळे."

"मंग सांगं का नही कव्हयच?"

नानांनी भाकरीचा शेवटचा तुकडा ठेच्यावरून फिरवला, खाल्ला, आणि सावकाश म्हणाले, "सांगं असतं तं तू उतरनी असती का?"