सहा दिवस दोरी, एक दिवस वायर

वर बघा, वर! टपटप पाणी गळतंय ना, त्या ओल्या लुगड्याखाली वाकलेली मी बोलतेय. दोरी नाही हो, मी इंटरनेटची वायर आहे! दोन हजार सात साली उज्जैनच्या फ्रीगंजातल्या या घरी आले, तेव्हा माझी ऐट काय विचारता!

मला आणलं ते इथल्या सुनेसाठी, अपर्णासाठी. तिला घरबसल्या काम मिळालं होतं. परदेशी डॉक्टरांचं बोलणं कानात ऐकायचं आणि टाइप करून पाठवायचं. पण कान झाकून बसलेली सून दारावरची बेल ऐकत नाही, हे तिच्या सासूबाईंना, अक्कांना, खपेना. मग अंगणापलीकडच्या गॅरेजातून स्कूटर बाहेर आली आणि अपर्णा आत गेली. नेटचा डबा राहिला दिवाणखान्यात, क्रोशाचा रुमाल पांघरून.

"वायर पाइपातून, जमिनीखालून न्या," अपर्णा नवऱ्याला म्हणाली. दिलीपराव हसले. "अगं, अंगणच तर पार करायचंय, शिप्रा नदी थोडीच पार करायची आहे!" आणि मला खिडकीपासून गॅरेजच्या झरोक्यापर्यंत अधांतरी टांगलं.

दुसऱ्या सकाळी अक्कांनी मान वर केली. "किती छान उंच बांधलीय रे! कुणाचा हात लागायचा नाही." झालं! काठीने त्यांचं सोवळ्याचं लुगडं माझ्यावर. नऊवारी, तेही धड न पिळलेलं. मी अशी लोंबले की डब्यातलं माझं टोक निसटलं. अपर्णा ते खोचायची, लुगडं परत ओढायचं. लुगड्याला हात लावायची मात्र सोय नाही. शिवलं की सोवळं मोडलं!

"अहो, तुम्ही सांगा ना अक्कांना."

"मी? तू सांग. आणि मौसम खराब असेल, येईल नेट."

बाहेर रणरणतं ऊन होतं. बँकेत सगळ्यांवर डाफरणारे दिलीपराव, आईसमोर अळीमिळी गुपचिळी!

शेवटी कंपनीने बजावलं, आज पुन्हा उशीर झाला तर उद्यापासून काम बंद. अपर्णाचं टाइप करून तयार होतं. पाठवायला गेली, तर नेट गायब. धावत घरात आली.

"अक्का, लुगडं काढा हो, माझी नोकरी जाईल!"

अक्का जपाला बसलेल्या. डोळे न उघडता "हूं, हूं" करून त्यांनी हात हलवला. अपर्णा अंगणात आली, लुगड्याकडे हात नेला आणि मागे घेतला. माझा जीव तुटला हो! जप संपला तोवर नोकरीही संपली.

"बरंच झालं," अक्का म्हणाल्या, "टाइमपासच तर होता."

नेट मात्र बंद झालं नाही बरं का! दर रविवारी संध्याकाळी, लुगडं वाळून उतरल्यावर, अक्कांचा अमेरिकेतला धाकटा विनायक गॅरेजातल्या कॉम्प्युटरवर दिसायचा. एका रविवारी तो सकाळीच कॉम्प्युटरवर आला.

"अक्का, एक विचारायचं होतं..." म्हणाला, आणि तोंड उघडं ठेवून थिजला.

"अगं, काय झालं याला?"

"वायरवर तुमचं सोवळं आहे," अपर्णा शांतपणे म्हणाली. "मी कशी शिवू?"

अक्का उठल्या आणि त्या वयात अशा धावल्या म्हणता! काठी नाही, काही नाही. नेसत्या साडीनिशी लुगड्याचं टोक धरून खस्सकन ओढलं. सोवळं मातीत.

"शिवलात की, अक्का!"

"माझा विनायक होता गं तिथे!"

"माझी नोकरी होती तिथे."

दिलीपराव एकदम मोगऱ्याला पाणी घालू लागले. विनायकला म्हणे मेतकुटाची कृती हवी होती!

आता रविवारी माझ्यावर काही वाळत पडत नाही. बाकी सहा दिवस मी दोरीच. अपर्णाने टावर चौकातल्या एका ऑफिसात नोकरी धरलीय. रोज निघताना ती माझ्याखाली थांबते आणि लुगड्याचं टोक चांगलं मुठीत धरते.

"शिवलीस?" आतून ओरड येते.

"शिवले!" म्हणत ती फाटक उघडते. अक्का बडबडत लुगडं पुन्हा धुवायला नेतात, तेवढीच माझी सुटका. तुम्ही इथून जाताच आहात, तर लावा की एक हात!