दगड उपटला तरी फर्लांग

मी फर्लांग बोलतोय. रस्त्याच्या कडेला उभा असतो तो पांढरा दगड म्हणजे मी नव्हे बरं का. तो माझा नुसता अंगरखा. मी शब्द आहे. आणि मला कुणी 'साहेबाचा शब्द' म्हटलं की माझं टाळकं सणकतं.

साहेबाचा कसला! हजार वर्षांपूर्वी मी विलायतेतल्या नांगऱ्यांच्या तोंडात जन्मलो. नांगराचं तास, म्हणजे फाळानं जमिनीत ओढलेली रेघ, आणि त्याची लांबी, अशा त्यांच्या दोन साध्या शब्दांची गाठ बसली आणि मी झालो. बैलांनी एका दमात ओढायचं, शेताच्या कडेला पोचलं की थांबायचं, श्वास घ्यायचा आणि मग वळायचं. तेवढं अंतर म्हणजे मी. एका गावात मी आखूड, दुसऱ्या गावात लांब. पुढं सरकारनं मला दोनशेवीस यार्डांत कोंबलं, आमच्या आठ जणांचा मिळून एक मैल केला, आणि बैलांना सगळेच विसरले.

मग बोटीतून इकडं आलो. बारामती-इंदापूर रस्त्यावर ओव्हरसियरनं मला दगड करून रोवलं. लोक वाटसराला सांगायचे, "दोन फर्लांगावर हाय की वस्ती!" आणि ती निघायची कोसभर लांब. तरी मी रागावलो नाही. दमलेल्या माणसाला कुणी खरं अंतर सांगतं का?

राग आला तो या छत्तीस सालात, थंडी सरता सरता. गुळाच्या ढेपांच्या गाड्या बारामतीच्या पेठेला निघाल्या होत्या. त्यांच्यावर मक्तेदाराचा मुकादम जयवंता. त्याचा हुकूम असा, की चढावर गाडी थांबवायची नाही. जो थांबेल त्याची गाडी उद्यापासून बंद. निरवांगीच्या झुंबर गाडीवानाच्या जोडीतला पाखऱ्या बैल आदल्या खेपेला याच चढावर गुडघ्यांवर आला होता. पुन्हा बसला तर उठायचा नाही, हे झुंबरला दिसत होतं, पण मुकादमापुढं त्याची जीभ उचलेना. त्याची बायको फुलाबाई गाडीमागून चालत होती. माझ्या दगडापाशी येताच तिनं चाकाखाली धोंडा सारला.

"ए बाई, गाडी का थांबवलीस?" जयवंता धावत आला.

"हितं थांबायचंच असतंय."

"कुणी सांगितलं?"

"मग सायबानं दगूड कशाला रवलाय? एवढं वडलं की बैलानं दम खायाचा. सरकारी कायदा हाय त्यो, मुकादम. मोडायचाय व्हय तुमाला?"

धडधडीत थाप! असला कायदा कुठं आहे? पण अहो, थाप मारता मारता या बाईनं माझं मूळ सांगितलं! मोठमोठ्या साहेबांना ज्याची आठवण उरली नव्हती, ते तिच्या तोंडून निघालं. मला रडूच कोसळलं. मागच्या गाडीवानांनीही पटापट धोंडे लावले. एकाची गाडी बंद करता येते. सगळ्यांच्याच बंद केल्या तर गूळ काय मुकादम डोक्यावरून नेणार?

त्या दिवसापासून चढावरच्या दर दगडाला गाड्या थांबायला लागल्या. जयवंता आतल्या आत धुमसत राहिला. पाडव्याला गाड्या बंद होत्या, तेव्हा त्यानं पहार आणली, चढावरचे दगड उपटले आणि ओढ्यात ढकलून दिले.

दुसऱ्या दिवशी तो आसूड घेऊन चढाखालीच उभा. "आता दावा दगूड! कुठाय तुमचा कायदा?"

झुंबरनं मान खाली घातली आणि गाडी हाकली. रिकाम्या खड्ड्यापाशी आल्यावर पाखऱ्या थांबला. कुणी कासरा ओढला नव्हता. त्याच्यामागं एकेक करून सगळी रांग थांबली.

जयवंता धावत वर आला आणि त्यानं पाखऱ्यावर आसूड उगारला. फुलाबाईनं तो वरच्यावर धरला. "दगूड न्हेलास न्हवं? आता ह्याच्या छातीतला दम उपटून दाव."

जयवंतानं आसूड सोडून दिला.

महिना झाला, माझे दगड ओढ्यातच पडलेत. पडू द्या. कधी या चढावर आलात तर मला मोजायला साखळी आणू नका. पाखऱ्याच्या मागोमाग या. तो थांबेल तिथं मी आहे.