एक थेंबही न गळणारं पिंप

मित्रांनो, पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पुढे डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तारेच्या कुंपणाला टेकून एक जुनं लाकडी पिंप आडवं पडलेलं दिसतं, ते मीच. तुम्ही म्हणाल, पिंप ते काय आणि त्याची कहाणी ती काय! पण मी काही न्हाणीघरात पाणी साठवणारं पिंप नाही. माझ्या पोटात एक अख्खी खाट मावते आणि उंच माणूससुद्धा मान न वाकवता आत उभा राहतो. एके काळी लोक हौसेने माझ्या पोटात मुक्कामाला यायचे. आता माझ्यात गांधीलमाश्यांनी घर केलं आहे, आणि त्या कोणाला विचारून आलेल्या नाहीत.

माझं लाकूड परदेशातल्या ओकचं. जहाजातून ते न्हावा शेव्याला उतरलं आणि पनवेलवरूनच नाशिककडे गेलं. तिथल्या वाइनच्या एका कारखान्यात कारागिरांनी माझ्या फळ्या गोल उभ्या केल्या आणि मधोमध निखारे पेटवले. उष्णतेने लाकूड नरम होतं, मग ते वाकतं. वाकलेल्या फळ्यांवर त्यांनी लोखंडी पट्टे ठोकून बसवले. असा माझा जन्म निखाऱ्यांवर झाला. त्यानंतर मला काठोकाठ पाण्याने भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी म्हातारा मिस्त्री आला, त्याने माझ्या पोटावरून सगळीकडे हात फिरवला आणि कोरडा तळवा सगळ्यांना दाखवला.

"एक थेंब नाही. जातिवंत आहे!" तो म्हणाला.

ते शब्द मी आयुष्यभर मिरवले. न गळणं हाच आम्हा पिंपांचा धर्म. उन्हाळ्यात माझ्या फळ्या थोड्या आकसतात, पण ओल लागली की फुगतात आणि एकमेकींना इतक्या घट्ट भिडतात की मुंगीलाही वाट मिळत नाही. कितीतरी वर्षं मी पोटात वाइन सांभाळली. पुढे कारखान्यात स्टीलच्या चकचकीत टाक्या आल्या आणि माझी रवानगी गोदामामागे झाली. तिथे मी कोळ्यांची जाळी मोजत पडून राहिलो असतो, पण खारघरचे विश्वजीत साहेब एक दिवस आले आणि मला ट्रकवर घालून नेऱ्याला घेऊन आले.

साहेबांच्या डोक्यात डोंगराच्या पायथ्याशी वाइनचं गाव वसवायचं खूळ होतं. कोकणच्या पावसात द्राक्षं! वेल लावले, ते आषाढातच कुजले. मग साहेबांनी मांडवावर प्लास्टिकचे घड टांगले आणि पाहुणे त्याच्याखाली उभं राहून फोटो काढू लागले. राहायला तीन जागा होत्या. एक तंबू, एक चारही बाजूंनी खिडक्या असलेली कॉटेज, आणि तिसरा मी. मला आडवं करून दार बसवलं, एक गोल काच बसवली, गादी घातली. पाहुणे आले की अंगणात उभे राहून त्यांची निवड चालायची. डोंगर कुठून दिसतो, रेंज कुठे येते, डास कुठे कमी! मुलं मात्र सरळ माझ्याकडे धावायची. मला काय, आनंदच व्हायचा.

या सगळ्याची राखण बुधा करायचा. बुधा आणि त्याची बायको साळू वरच्या कातकरवाडीतले. त्याआधी वर्षानुवर्षं ते कोळशाच्या भट्ट्यांवर जायचे. दर मोसमात नवं रान, भट्टीशेजारी काटक्यांचं खोपट. बुधाला कोळशातलं फार कळायचं. पाहुण्यांच्या शेगडीसाठी तो स्वतः कोळसा निवडायचा. धूर करणारा तुकडा दिसला की फेकून द्यायचा. धूर नाही तो कोळसा शुद्ध, असा त्याचा हिशेब होता आणि आयुष्यभर तो कधी चुकला नव्हता.

एका मे महिन्यात प्रणित नावाचे एक पाहुणे बायको आणि मुलीला घेऊन आले. मुलगी रिया, भारी बडबडी. बुधा माझ्यातली चादर बदलत होता तेव्हा तिने विचारलं, "काका, यातली तुमची खोली कुठली?"

बुधा हसला. "आमची तिकडं, जनरेटरच्या मागं. पत्र्याची हाय."

"तिथून डोंगर दिसतो?"

"पत्र्याला भोक हाय ना, तिथून दिसतो," बुधा म्हणाला, आणि दोघंही हसले. मीही हसलो असतो, पण पिंपाला हसता येत नाही.

त्याच पावसाळ्यात बुधाची मुलगी रूपा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. तिचा नवरा हरेश करंजाड्याला इमारतीच्या कामावर होता. पनवेलच्या दवाखान्यात ती सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. साळूने नात मांडीवर घेऊन घरी आणली तेव्हा पाऊस असा कोसळत होता की समोरचा डोंगर दिसेना. पत्र्याच्या खोलीत उतारावरचं पाणी शिरलं. रूपाची बाज विटांवर ठेवली, तरी वरून गळतच होतं.

माझ्या दाराच्या पायरीवर, पावसापासून आडोशाला बसून, बुधाने साहेबांना फोन लावला. "सायब, पोर बाळंत झालीय. खोलीत पानी शिरलंय. चार दिस कॉटेज उघडू का?"

"कॉटेज नको रे बुधा. आत्ताच रंग दिलाय, शनिवारी लोक येणार आहेत."

पलीकडून साहेबांच्या बायकोचा, अंकिता मॅडमचा आवाज आला. "अहो, पिंप द्या ना त्यांना. पावसात तसंही कोणी घेत नाही ते."

"बरं, पिंप उघड. पण गादी गुंडाळून ठेव हां, डाग पडतात."

मित्रांनो, मॅडम मनापासून बोलल्या होत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही लगेच कोणावर तरी दातओठ खाल.

साळूला मात्र ते पटलं नाही. वाडीत तिची बहीण मैना राहायची. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, वर शेणमातीचा लेप, असं तिचं कुडाचं घर होतं. "मैनाकडं नेऊ पोरीला," साळू म्हणाली. "आपल्या मानसांत राहील."

"कूड गळतो. चारी बाजूंनी वारा शिरतो," बुधा म्हणाला. त्याने माझ्या अंगावर थाप मारली. "ह्याच्यातून एक थेंब नाय येत. पावनी लोक राहतात तिथं माझी रूपा राहील. कवा राहायची ती अशा जागंत?"

ती थाप मला मिस्त्रीच्या शाबासकीसारखी वाटली. मी फुशारलो. खरंच सांगतो, पाहुणे खूप आले, पण माझी इतक्या मायेने निवड कोणी केली नव्हती.

रूपा आत आली आणि तिने आधी गोल काचेतून बाहेर पाहिलं. मग बाळाला उचलून दाखवलं. "बघ गं बाय, बंगल्यात आलीस तू." दिवसभर ती बाळाशी बोलत होती. माझ्या आत दारूच्या बाता खूप झाल्या होत्या, असं बोलणं कधी झालं नव्हतं.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, हे तुमच्या आजीला विचारलंत तर ती सांगेल. बाळंतिणीला शेक हवा आणि वारा लागता कामा नये. खोपटात, कुडाच्या घरात कातकऱ्यांच्या कितीतरी बाळंतिणींनी असाच शेक घेतला होता. तिथे भिंतीच वारा घ्यायच्या आणि सोडायच्या. त्याकडे कधी कोणाला लक्ष द्यावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. बुधाने उत्तमातला उत्तम, बिनधुराचा कोळसा निवडला, फुलवला आणि लोखंडी पाटीभर निखारे बाजेखाली ठेवले. बाळाला न्हाऊ घालायला साळू त्याला घेऊन स्वयंपाकाच्या शेडमध्ये निघाली, कारण माझ्यात पाणी जायला मोरी नव्हती. जाताना तिने दार ओढून घेतलं आणि वारा शिरू नये म्हणून बाहेरून उंबऱ्याच्या फटीत गोधडी कोंबली.

"आये, डोकं जड झालंय," रूपा आतून म्हणाली.

"जागरनानं झालंय. झोप जरा. पोरीला मी बघते."

रूपा कुशीवर वळली. पाऊस माझ्या पाठीवर बदाबदा पडत होता, माझ्या फळ्या फुगून एकमेकींत रुतल्या होत्या आणि बाहेरचं काही आत येत नव्हतं, आतलं काही बाहेर जात नव्हतं. धूर नव्हता. वास नव्हता. मी निखाऱ्यांवर जन्मलो, पण तेव्हा मला ना तळ होता ना झाकण, म्हणून हे मलाही कळलं नाही. थोड्या वेळाने रूपा एकदा उठायला गेली. तिचा हात माझ्या भिंतीवर टेकला, घसरला आणि पुन्हा गोधडीवर पडला. मला ओरडता आलं असतं तर साऱ्या नेऱ्याला ऐकू गेलं असतं.

न्हाऊन बाळ झोपलं, म्हणून साळू तिकडेच बसून राहिली. पोरीची झोप मोडायला नको. चहा घेऊन ती आली तेव्हा रूपाचे गाल गुलाबी दिसत होते. "छान ऊब लागली गं माझ्या बायला," असं म्हणून तिने कपाळाला हात लावला. कपाळ गार पडलं होतं. तिच्या हातातला कप पडला. तो आवाज मी विसरलेलो नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की बंद जागेत कोळसा जळला की विषारी वायू साठतो, तो दिसत नाही. बुधा ऐकत राहिला. "पन धूर नव्हता," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. साळूने त्याला कधी मैनाच्या घराची आठवण करून दिली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. हरेश आला, बाळाकडे बघून रडला आणि कामावर परत गेला. बाळ साळूपाशीच राहिलं.

साहेब हळहळले, माझ्या दाराला कुलूप घातलं. पण दिवाळीनंतर पाहुण्यांचा मोसम लागतो. मग माझी डागडुजी झाली. सुकून पडलेल्या फटी पुट्टीने बुजवल्या, आतून पॉलिश मारलं, नवी गादी आली. झाल्या प्रकाराचा एक शब्द कोणाला सांगायचा नाही, असं बुधाला बजावलं. फोटोंत मी पुन्हा झळकू लागलो. बुधा पाहुण्यांच्या शेगड्या पेटवायचा, पण माझ्यात पाऊल टाकताना दर वेळी उंबऱ्यावर थबकायचा.

थंडीत रिया पुन्हा आली. आल्या आल्या तिने मलाच निवडलं. दिवस मावळायच्या सुमारास बोचरा गारठा पडला आणि प्रणित साहेबांनी अंगणातली निखाऱ्यांची शेगडी उचलून माझ्या आत नेली. बुधा लाकडं आणायला गेला होता. तो परत आला, दारातून त्याने ते पाहिलं आणि मोळी टाकून धावला.

"सायब, बाहेर काढा ते."

"अहो काका, बघा तरी. धूर अजिबात नाही."

"धूर नाय म्हनूनच सांगतो!" बुधाने हाताला टॉवेल गुंडाळून शेगडी ओढली आणि मातीत उपडी केली.

प्रणित साहेबांचा पारा चढला. त्यांनी तिथल्या तिथे विश्वजीत साहेबांना फोन लावला. ते बोलत असताना बुधा शेडमध्ये गेला आणि सुतारकामाचं गिरमिट घेऊन आला. त्याने ते माझ्या छातीला लावलं आणि फिरवायला सुरुवात केली. मित्रांनो, आयुष्यभर मला एकाच गोष्टीची धास्ती होती, भोक पडण्याची. त्या दिवशी लाकडाचा भुसा खाली पडत होता आणि मी मनात म्हणत होतो, अजून एक, बुधा, अजून एक पाड.

"हे काय चाललंय? वेडे झालात का?" प्रणित साहेब ओरडले.

"ह्याला नाक नव्हतं, सायब," बुधा म्हणाला. त्याचा हात थांबला नाही. "माझी रूपा ह्याच्यात गेली."

फोनमधून विश्वजीत साहेब काहीतरी बोलतच होते. प्रणित साहेबांनी फोन बंद केला, रियाला जवळ ओढलं आणि तिचं डोकं कितीतरी वेळ छातीशी धरून ठेवलं. त्याच संध्याकाळी ते घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बुधाचं काम सुटलं. चांगल्या पिंपाची वाट लावली, असा त्याच्यावर ठपका होता. साळू, बुधा आणि बाळ मैनाच्या घरी गेले. मला लोटत आणून या कुंपणाला टाकलं. आता पाऊस माझ्या आत येतो, कुठूनही गळतो, आणि मिस्त्री आज आला तर त्याचा तळवा ओलाचिंब होईल. मला त्याची लाज वाटत नाही.

मित्रांनो, सुट्टीत तुम्ही कुठेतरी राहायला जाल, जागा निवडाल. बंद खोलीत निखारे नेऊ नका, मोठ्यांनाही नेऊ देऊ नका. आणि तुमची गादी घालणाऱ्या माणसाला एकदा विचारा, तुमची खोली कुठली? रियाने विचारलं होतं. उत्तर मिळालं की तिथवर चालत जा आणि ती गळते का, हे बघून या. आम्हा सगळ्यांचं तेवढंच करायचं राहून गेलं.

साळू बाजाराला जाताना याच रस्त्याने जाते. माझ्याकडे बघत नाही, आणि मला ते बरोबरच वाटतं. नात आता चालायला लागली आहे. परवा ती हात सोडवून माझ्याकडे धावली आणि एका भोकाला डोळा लावून खिदळली. साळू धावत आली, तिने तिला खसकन मागे ओढलं. मग कोण जाणे का, तिने त्याच भोकावर आपला तळवा धरला.

"वारा येतो आता," ती म्हणाली. मग नातीला कडेवर घेतलं आणि बाजाराच्या वाटेला लागली.