एक माणूस जास्त धरा

मी बैठकीच्या खोलीचा जुना एसी बोलतोय. खिडकीत बसणारा, घरघरणारा. माझं या घरात येणं आणि आईंचा नवस, दोन्ही एकाच उन्हाळ्यातलं. घरात सगळे त्यांना आई म्हणत, म्हणून मीही.

तेव्हा त्यांचे यजमान धाप लागून अंथरुणाला खिळले होते. डॉक्टर म्हणाले, खोली गार ठेवा. आईंनी मला आणवलं, बटण दाबलं आणि माझ्यासमोरच हात जोडले. "देवा, यांना यातून पार काढ. उन्हातून दाराशी आलेल्याला या गारव्यात बसवल्याशिवाय मी परत पाठवणार नाही."

यजमान बरे झाले आणि आईंनी शब्द पाळला. टपालवाला, इस्त्रीवाला, जिना पुसणारी बाई, सगळे माझ्यासमोर बसून गेले. पाण्याचा पेला देत आई म्हणायच्या, "टेका जरा." खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेला माणूस माझ्या वाऱ्यानं हळूहळू मागे रेलायचा. ते पाहणं हेच माझं सुख.

पुढे यजमान गेले. मुलगा परगावी रमला. खाली फाटक बसलं, पहारेकरी आला, सामान तिथेच उतरू लागलं. तरी आई दुपारी खुर्च्या झटकायच्या, मला लावायच्या आणि दाराकडे तोंड करून बसायच्या. मी रिकाम्या खुर्च्या गार करायचो. या उन्हाळ्यात तेही जमेना. माझा कॉम्प्रेसर कायमचा बसला.

नव्या एसीसाठी माप घ्यायला मेकॅनिक आला. मुलगा फोनवर होता. "आई, बैठकीची खोली बंदच ठेव. झोपायच्या खोलीत पाऊण टनाचा लाव. एकटीला पुष्कळ झाला."

त्याचं चूक नव्हतं. पण ही खोली बंद झाली की आईंचा नवसही बंद.

मेकॅनिकनं दोन्ही खोल्या मापल्या, पश्चिमेची खिडकी पाहिली, वरचं छत तापतं का विचारलं. मग म्हणाला, "इथे माणसं किती बसतात, मावशी?"

आईंनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. खोटं बोलायची सवय नाही, आणि खरं तोंडातून निघेना.

"माणसांनी काय फरक पडतो रे?"

"पडतो तर. माणूस म्हणजे चालती शेगडी. जितकी माणसं, तितका एसी मोठा."

"मग माझी धरू नकोस. विझत आलीय ती," आई हसल्या. "आधी टेक जरा. किती घामेजलायस."

त्यांनी पंखा लावला, पाणी दिलं. तो कडेवर बसला, मग मागे रेलला. कितीतरी दिवसांनी ती खुर्ची करकरली. मला मात्र एक झुळूकही देता आली नाही.

आईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मुलाला परत फोन लावला. "बैठकीच्याच खोलीचा घेऊ. दीड टनाचा. माणसं दोन धर."

"दुसरं कोण, आई?"

"आत्ता बसलाय तो."

मग मुलगा म्हणाला, "बरं. दोन."

आता मी जिन्यात भंगारवाल्याची वाट पाहतोय. दाराबाहेर बहुतेक दुपारी आईंच्याच चपला असतात, एकट्या. काल मात्र शेजारी धुळीनं माखलेले बूट होते, आणि आतून आवाज आला, "टेक जरा."

तुम्ही एसी घ्याल तेव्हा खोली नीट मोजा, ऊन कुठून येतं ते पाहा. फार लहान घेऊ नका, तो बिचारा दमतो. उगाच मोठाही नको. पण माणसं मोजताना आईंसारखं एक जास्त धरा. आणि दाराशी कुणी आलं, तर त्याला आत बसवा.