हिरव्या नाडीचा बूट

हान्नेकेच्या बहिणीचा फोन आला तो सल्ला घेऊनच. "अगं, सिंतरक्लासच्या सणाच्या संध्याकाळी योरिंदेला माझ्याकडे पाठव. त्या पोरीला खोटं बोलता येत नाही. धाकट्या भावासमोर, ताइमेनसमोर, भांडं फोडेल ती."

हान्नेकेला राग आला, कारण तिच्याही मनात तेच होतं. तिची दहा वर्षांची योरिंदे स्वमग्न होती. सहाव्या वर्षी तपासणीच्या वेळी एका बाईंनी तिला दोन बाहुल्यांचा खेळ दाखवला होता. एक बाहुली टोपलीत चेंडू ठेवून बाहेर गेली. दुसरीने तो तिच्या नकळत खोक्यात लपवला. परत आल्यावर पहिली कुठे शोधेल? "खोक्यात," योरिंदे म्हणाली. "चेंडू तिथंच आहे." बरोबर उत्तर होतं "टोपलीत". दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते हिला कळणं अवघड जाईल, असं बाईंनी सांगितलं. ते वाक्य हान्नेकेच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

यंदा तिने लेकीला खरं सांगून टाकलं होतं. दर डिसेंबरला लाल झगा आणि दाढी लावून, मुलांसाठी भेटींचं पोतं घेऊन येणारा संत सिंतरक्लास म्हणजे आपले विबे आजोबा.  योरिंदे एवढंच म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही."

"नको बोलूस. नुसती गप्प बस."

"तो मलाच विचारेल."

पाच वर्षांच्या ताइमेनच्या डोक्यात शाळेत कुणीतरी किडा सोडला होता. "सिंत म्हणून कोण येतं ते मी शोधणारच," असं तो आठवडाभर घोकत होता. तरी हान्नेकेने लेकीला पाठवलं नाही. सणाच्या दिवशी आपलंच पोर घराबाहेर काढायचं, तर तो सण कसला? तिने नवी दाढी आणली, आजोबांकडून जाड आवाज घोटून घेतला, अंगठी दिसू नये म्हणून हातमोजे चढवायला सांगितले.

पाच डिसेंबरला दारावर थाप पडली, रिवाजाप्रमाणे मसाल्याची बिस्किटं फरशीवर उधळली गेली आणि सिंत आत आला. ताइमेनने बिस्किटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो सरळ टेबलाखाली शिरला.

हान्नेकेला एकदम आठवलं. बूट! आजोबांच्या तपकिरी बुटाला एक हिरवी नाडी होती, ताइमेननेच हौसेने ओवलेली. बुटांचा तिने विचारच केला नव्हता.

ताइमेन बाहेर आला तो गोंधळलेला. हान्नेकेने खाली पाहिलं, तर झग्याखाली काळे, चकचकीत बूट. तोवर तो बहिणीकडे वळला होता. "तू खोटं बोलत नाहीस. सांग, हे आजोबा आहेत का?"

 योरिंदे नेहमीसारखी त्याच्या कानाकडे बघत म्हणाली, "आजोबांचे बूट तुला माहीत आहेत?"

"हो. हिरवी नाडी."

"हे ते आहेत?"

"नाहीत."

"मग?"

ताइमेनचा चेहरा हळूहळू फुलला. "आई, हा खरा आहे," त्याने समजूत घातल्यासारखं सांगितलं आणि बिस्किटांवर तुटून पडला.

सिंत निरोप घेऊन निघाला आणि मागच्या दाराने लंगडत स्वयंपाकघरात आला. "या पोरीने फाटकातच माझे बूट काढून घेतले," दाढी ओढत आजोबा म्हणाले. "हे शेजारच्या श्यूर्दचे. केवढे लहान! सिंत एवढा रुबाबात का चालत होता, कळलं ना?"

दुकानात कुणाशी बोलायला लागू नये म्हणून आईमागे लपणारी योरिंदे शेजाऱ्याचं दार वाजवून बूट मागून आली होती.

"तो बूट बघणार, हे तुला कसं कळलं?" हान्नेकेने विचारलं.

"तो टेबलाखाली बसतो. तिथून माणसांचे बूटच दिसतात," योरिंदे म्हणाली. "तू दाढी बघत होतीस. तुला वाटलं, तोही दाढीच बघेल."

हान्नेके हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. बाहुल्यांच्या खेळात आज ती स्वतःच नापास झाली होती, आणि इतका आनंद तिला पास होऊन कधी झाला नव्हता. तिने बहिणीला फोन लावला.

"पुढच्या वर्षी योरिंदेला पाठवते तुझ्याकडे," ती म्हणाली. "पण दोन दिवस आधी. तुमच्या सिंतचं काय काय उघडं पडतंय, ते ती बघून ठेवेल."