पत्ते कोणी लावले?

मित्रांनो, मी पत्त्यांचा एक जुना कॅट आहे. माझ्या चौकटच्या राजाचा कोपरा दुमडलाय, बदामच्या नश्शीवर कॉफीचा डाग आहे. नवा होतो तेव्हा इतका गुळगुळीत होतो, की वाटणाऱ्याच्या हातून निसटून टेबलाखाली पळायचो. डुलुथ शहरातल्या एका चर्चच्या तळघरात दर मंगळवारी दुपारी ब्रिजचा क्लब भरतो. तिथे मी एकोणीस वर्षं नोकरी केली.

माझ्या टेबलावर चौघे बसत. ऑरिन स्कोगेन पूर्वी खनिजाच्या मालगाड्या चालवायचा. त्याची खेळातली जोडीदार लव्हॉन, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. त्यांच्याविरुद्ध अर्डिस टोर्विक आणि तिचा नवरा मर्ल. अर्डिस बोलायची, मर्ल ऐकायचा.

संधिवाताने ऑरिनची बोटं आखडली होती. तरी आपली पाळी आली की तो मला दुसऱ्या कुणाला पिसू देत नसे. माझे दोन सारखे भाग करी आणि अंगठ्यांखालून एक पत्ता इकडचा, एक तिकडचा, असे सोडत राही. दोनदा पिसलं की त्याची बोटं ठणकू लागत, म्हणून तो तिथेच थांबे.

“ऑरिन, पिसतोयस की मोजे विणतोयस?” अर्डिस विचारी.

“तुझ्या तोंडासाठी पट्टी विणतोय,” ऑरिन म्हणे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी पहिलाच डाव त्याने वाटला. ब्रिजमध्ये प्रत्येकाला तेरा पत्ते मिळतात. एकाच रंगाचे आठ आले, तरी माणूस महिनाभर सांगत सुटतो. त्या दिवशी ऑरिनने पत्ते उचलले आणि त्याचे कान लाल झाले. तेराच्या तेरा चौकट! मर्लकडे तेरा किलवर, लव्हॉनकडे तेरा इस्पिक, अर्डिसकडे तेरा बदाम. प्रत्येकाला वाटलं, देव आज फक्त आपल्याला पावला. दुसऱ्याकडे काय आहे, याचा कुणालाच पत्ता नव्हता.

“सात चौकट,” ऑरिन म्हणाला. म्हणजे चौकट हुकूम, आणि सगळे हात आमचे.

मर्लचा किलवर चौकटहून खालचा. तो नुसता “पास” म्हणाला.

“सात इस्पिक,” लव्हॉन पत्ते छातीशी धरून म्हणाली.

इस्पिकच्या वर रंगच नाही. अर्डिसने कसाबसा “पास” म्हटला, बाकी दोघांनीही तोच म्हटला, आणि तिने बदामचा एक्का दाणकन टाकला. लव्हॉनने त्यावर इस्पिकची दुर्री मारली. मग सगळ्यांचे पत्ते उघडे झाले, आणि तळघरातली सगळी टेबलं उठून आमच्याभोवती जमली.

“असं आपोआप येत नाही!” अर्डिस उसळली. “ऑरिन, तू पत्ते लावलेस!”

“अगं, पिसल्यावर कापले तर तूच होतेस.”

“कापून काय होतंय? आज लव्हॉनचा वाढदिवस. तिला खूश करायला लावलेस!”

ऑरिनने टोपी उचलली. “सदतीस वर्षं तुझ्याबरोबर खेळलो, अर्डिस. पुरे झालं.”

मित्रांनो, राजे, राण्या, गुलाम धरून माझ्याकडे बारा तोंडं आहेत, पण वेळेला एकही उघडलं नाही.

तीन मंगळवार ऑरिन आला नाही. लव्हॉनने दुसरा जोडीदार घेतला नाही. “असल्या हाताची जन्मभर वाट पाहिली,” ती म्हणाली, “आणि आला तर सांगायचीही चोरी.”

चौथ्या मंगळवारी मर्लने मला पुढ्यात ओढलं.

“अर्डिस, त्या दिवशी आपण लवकर आलो होतो. एक पत्ता कमी भरला म्हणून तू सगळे पत्ते रंगावारी लावून मोजलेस.”

“हो. किलवरची दुर्री कॉफीच्या भांड्यामागे सापडली. मग?”

“मग ती जागेवर घातलीस आणि कॅट तसाच डबीत ठेवलास.”

“पण ऑरिनने पिसला ना!”

मर्लने मला रंगावारी लावलं. बरोबर दोन भाग केले. एक इकडचा, एक तिकडचा, असं ऑरिनसारखं दोनदा पिसलं आणि चार ढीग वाटले. अर्डिसने पहिला ढीग उलटला. सगळे इस्पिक. दुसरा उलटला. सगळे बदाम. तिसऱ्याला तिने हात लावला नाही.

“हे तुला कधी कळलं?”

“पहिल्याच आठवड्यात.”

“मग बोलला का नाहीस, मेल्या?”

“तू बोलायची थांबशील म्हणून वाट बघत होतो.”

अर्डिसने मला कोटाच्या खिशात कोंबलं आणि बर्फातून गाडी थेट ऑरिनच्या दारात नेली. दार उघडताच म्हणाली, “ऑरिन, पत्ते मी लावले होते.” सगळं सांगितलं. शेवटी खाली बघून, “चुकलं माझं,” असंही म्हणाली. हे शब्द मी तिच्या तोंडून एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऐकले.

ऑरिनने विचारलं, “म्हणजे दोन्ही वेळा माझा एकही पत्ता चुकला नाही?”

“एकही नाही.”

त्याने आपली वाकडी बोटं उलटसुलट करून पाहिली. “डॉक्टर म्हणतो, यांनी आता शर्टाचं बटणही लागायचं नाही.” मग दारातून बाजूला झाला. “ये आत. जंगली तांदळाचं सूप आहे. अर्धं लव्हॉनला घेऊन जाऊ. तिचा वाढदिवस राहिलाय.”

आता मी लव्हॉनच्या कपाटात असतो. पाहुणे आले की ती मला काढते आणि त्या डावाची गोष्ट सांगते. मित्रांनो, आम्हाला कोरड्या हातांनी उचला, कोपरे दुमडू नका, खेळ संपला की मोजून ठेवा. रंगावारी लावून मोजलंत, तर डबीत घालण्याआधी पुन्हा विस्कटा. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी, शेजारी गप्प बसलेल्या माणसाला एकदा विचारा.