काजळीवरचा अंगठा

“हा अंगठा कुणाचा?” प्रयोगशाळेचे प्रमुख हर्सोनो यांनी पडद्यावर काठी टेकवली.

इंडोनेशियातल्या सर्पोंगच्या त्या थंडगार खोलीत सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. महिनाभर पामतेलाच्या इंधनावर चालवलेल्या इंजिनाचा पिस्टन, आणि त्यावर साचलेल्या काजळीचा नकाशा पडद्यावर होता. उंचवटे तांबडे, खळगे निळे. लास्त्रीबाईंनी सूक्ष्मदर्शक वरखाली फोकस करत थराथरानं फोटो काढले होते; संगणकानं जोडलेलं चित्र त्याही आत्ताच बघत होत्या. ऐन मधल्या तांबड्या डोंगरावर बोटाच्या रेषा उमटल्या होत्या, आणि त्यांना तिरकी कापणारी एक चीर.

ती चीर त्यांनी लगेच ओळखली. नारळ सोलताना त्यांच्याच अंगठ्याला कोयता लागला होता, तेव्हाची. फोकसचं चाक उघड्या बोटांनाच कळतं म्हणून त्या उजवा हातमोजा काढून ठेवायच्या; त्याच हातानं पिस्टन सरकवताना अंगठा टेकला असणार. त्याचा केवढा तोरा मिरवला होता!

“इंजिन कुणी खोललं?”

“मी, पाक,” मेकॅनिक तुगिमान म्हणाला. तिकडे पुरुषाला आदरानं ‘पाक’ म्हणतात, बाईला ‘बू’.

“हातमोजे?”

त्यानं एकदा लास्त्रीबाईंकडे पाहिलं. “राहिले असतील, पाक. चुकलं.”

“महिन्याची मेहनत मातीत घातलीत! उद्यापासून गोदामात. इंजिनाला हात लावायचा नाही.”

लास्त्रीबाईंनी उजवा अंगठा मुठीत दडवला.

दुपारी त्या शेडमागे गेल्या. तुगिमान भाताची पुडी सोडत होता.

“पाक तुगिमान, मी आत्ता जाऊन सांगते त्यांना.”

“बसा हो, बू. तुमची निवृत्ती तोंडावर आली, कशाला डाग लावून घेताय? आणि गोदामात पंखा तरी आहे.”

“पण तो अंगठा माझा, हे तुम्हाला कळलं कसं?”

त्यानं दोन्ही अंगठे पुढे केले. जन्मभर डिझेलमध्ये पार्ट धुऊन ते गुळगुळीत झाले होते. “पिस्टन हाताळला आपण दोघांनीच. ओळखपत्राच्या मशीनलासुद्धा माझा अंगठा सापडत नाही. काजळीला कुठून सापडायचा?” तो हसला.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं लास्त्रीबाईंना झालं. उठून साहेबांकडे जायला हवं होतं. त्या उठल्या नाहीत, आणि त्याचीच लाज सगळ्यात जास्त वाटली.

“घ्या, टेंपे. बायकोनं तळलंय.”

मांडीवरची उजवी मूठ काही केल्या उघडेना. त्यांनी तो आंबवलेल्या सोयाबीनचा तुकडा डाव्या हातानं घेतला. असं घेतलं तर तिकडे लहान पोरालाही फटका बसतो. तुगिमाननं ते पाहिलं, आणि तोंडी लावायला हिरवी मिरची त्यांच्या डाव्या हाताशी सरकवली.